आडवी बाटली

गावातलं दारूचं दुकान राहावं की जावं, हे आमच्याकडे बायकांच्या मतदानावर ठरलं. चिठ्ठीवर दोनच चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मी महिनाभर दारोदार हिंडून आडवी बाटली समजावत होते. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही. आमचे हे म्हणाले, आता आमदारकीलाच उभी राहा.

आडवी जिंकली. बायकांनी गुलाल उधळला, साखर वाटली. मी घरी आले तेव्हा धाकटी जाऊ भाकरी थापत होती. तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, लष्करातून सुटून आल्यापासून त्या दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक. निकालाचा आनंद सगळ्यांत जास्त हिलाच होईल, असं मी धरून चालले होते. मी तिच्यापुढे साखर धरली. तिने हात पुढे केला नाही.

"आक्का, मी उभीवर शिक्का मारलाय."

मला रागच आला. सगळं गाव पालथं घातलं आणि दिव्याखालीच अंधार. "डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

"हितं पित्यात म्हणून दिवेलागणीला हाताला धरून घरी आणते. आता कवठे महांकाळला जातील, गाडीवरनं. येताना कुठं पडलं, तर मला कोण सांगंल?"

मी म्हटलं, हळूहळू दारू सुटेल. नाही सुटली.

गावाचं भलं झालं, हे खोटं नाही. दुकान स्टँडलाच होतं; क्लासला जाणाऱ्या मुली आता तिथून निर्धास्त येतात. उद्या पुन्हा मतदान झालं तर मी आडवीवरच शिक्का मारीन. पण मताला हो आणि नाही एवढंच बोलता येतं. गावाच्या भल्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडणार, हे त्या चिठ्ठीने मला विचारलं नाही, आणि प्रचाराच्या नादात मीही कोणाला विचारलं नव्हतं.

आता रोज अंधार पडला की जाऊ फाट्यावर जाऊन उभी राहते, गाडीचा आवाज ऐकत. परवा उशीर झाला म्हणून मी तिला आणायला गेले. "चल घरी, येतील ते," म्हटलं.

रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "तुमी सगळ्या जिकलासा, आक्का. आता थांबा जरा माज्यासंगं."