नाव नसलेलं कार्ड

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी माल तपासण्यात घालवली. ह्यूस्टनच्या एका कारखान्यात तेलविहिरींचे व्हॉल्व्ह यांच्या हाताखालून जायचे. बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, केसभर फरक दिसला की लाल. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही. माझी पोळीसुद्धा ताटात फिरवून बघतात.

दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला यांनी मुलालाच लाल चिठ्ठी लावली. भरल्या ताटावर, सुनेसमोर म्हणाले, "एवढं इंजिनिअर केलं आणि हा शाळेत पोरांना चेंडू टोलवायला शिकवतो." मुलगा जॉर्जियात एका शाळेत बेसबॉलचा कोच आहे आणि मजेत आहे. तो निमूट जेवला, सगळी भांडी घासून ठेवली आणि सकाळी निघून गेला. त्यानंतर त्याचे फोन फक्त मला. "बाबा ठीक?" "ठीक." हे शेजारी बसून कान देणार आणि फोन ठेवला की विचारणार, "काय म्हणतो?" दोघांच्या मध्ये माझं भरीत होत होतं. माझी जीभ तशी कुणाला ऐकत नाही, पण इथे तिचा काडीचा उपयोग नव्हता.

यंदा उन्हाळ्यात मी त्याच्या खोलीतलं कपाट आवरायला काढलं. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडच्या त्या दमट उन्हात दुसरं करणार काय? तीन खोकी भरून त्याची लहानपणची बेसबॉल कार्डं निघाली, खेळाडूंचे फोटो छापलेली. मी म्हटलं, देऊन टाकू. हे म्हणाले, "थांब, बघू दे." मग कुठूनसं इंटरनेटवर यांनी वाचलं की, एकाच कार्डात छपाईचे बारीक फरक असतात. कुठे शाईचा रंग वेगळा, कुठे एखादी ओळच गाळलेली. अशी चुकलेली कार्डं दुर्मिळ असतात आणि बाळगणारा बरेचदा ती न बघताच ठेवून देतो. झालं. यांना जन्मभराचं कामच परत मिळालं. डायनिंग टेबल गेलं, भिंग आलं, आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवायला लागलो.

आठवड्याभरात एक सापडलं. मागचा मजकूर काळ्याऐवजी निळ्या शाईत. "त्याला विचार," हे मला म्हणाले. मी म्हटलं, "तोंड आहे ना तुम्हाला?" आणि नंबर लावून फोन त्यांच्या हातात कोंबला. वीस मिनिटं बोलले दोघं. शाईबद्दलच, पण बोलले. मग दर रविवारी सकाळी दहाला त्याचाच फोन यायला लागला, आणि मी नळ बंद करून आत उभी राहून ऐकायची. मला फार बरं वाटत होतं. हे असंच चालू दे, एवढंच मागत होते मी.

सप्टेंबरात यांना ते कार्ड सापडलं. पुढच्या बाजूला खेळाडूचं नाव असायला हवं, तिथे कोरी पट्टी. आणि कोपऱ्यात लालसर डाग. रविवारी व्हिडिओ कॉलवर यांनी ते कॅमेऱ्यासमोर धरलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बघ, इतकी वर्षं घरात होतं, कुणाच्या लक्षातच आलं नाही. फक्त हा डाग कसला कोण जाणे."

मला माहीत होतं. ते कुंकू होतं. दसऱ्याला आम्ही घरातली हत्यारं पुजतो. यांचं मापं घ्यायचं कॅलिपर, माझं शिलाई मशीन, मुलाची वह्या-पुस्तकं. एका वर्षी त्याने कार्डांचं खोकंही आणून ठेवलं होतं, आणि मी सगळ्यांत वरच्या कार्डाला बोट टेकवलं होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, ते मला माहितीये. आय वॉज नाइन. मी तुम्हाला दाखवलं होतं, याच्यावर नाव नाहीये म्हणून. तुम्ही म्हणालात, डिफेक्टिव्ह आहे, दुकानात परत दे. मी नाही दिलं. पूजेत सगळ्यांत वर ठेवलं. म्हटलं, आईने कुंकू लावलं की ते पास होईल."

यांनी कार्ड हळूच खाली ठेवलं. "ओके, बाय," तो म्हणाला. रागाने नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"मी असं म्हटलं होतं?" यांनी मला विचारलं. म्हटलं होतं. मी तिथेच होते, कणीक मळत. पोरगं ते कार्ड घेऊन माझ्याकडे आलं होतं, आणि मी मान वर न करता म्हणाले होते, "बाबा सांगतात तसं कर." हे सगळं मी आता यांना सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं की काय, कळत नाही.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. मी मुलाला केला, तर "बिझी आहे, आई." खोकी बंद झाली. टेबल मोकळं झालं, पण तिथे बसून जेवायला दोघांनाही नको वाटायचं.

मग एके दिवशी यांनी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं. डाग पुसला नाही. जुन्या ड्रॉवरमधून कारखान्यातली एक हिरवी चिठ्ठी शोधून काढली आणि तिच्यावर लिहायला बसले. अख्खी दुपार गेली. मी डोकावून वाचलं. एवढंच होतं: "माल बरोबर होता. तपासणाऱ्याची चूक." खाली सही आणि तारीख, कारखान्यात करायचे तशी.

चिठ्ठीसकट पाठवलेलं पाकीट मंगळवारी मुलाच्या दारात पोचल्याचं पोस्टाच्या वेबसाइटवर दिसतंय. हे दिवसातून चार वेळा ते बघतात. मला फोन करू देत नाहीत. "त्याचा त्याला करू दे," म्हणतात. त्यांना तरी काय सांगू, माझ्याच्याने धीर धरवत नाहीये.

आज रविवार. हे पावणेदहापासून टेबलाशी बसलेत, दाढी करून. मी दुसऱ्यांदा चहा ठेवला. साडेदहा झाले.

"फोन चार्ज आहे ना गं?" यांनी विचारलं.

मी जाऊन पाहिलं. पूर्ण चार्ज होता. तरी "लावते जरा," म्हटलं आणि वायर जोडून दिली.