नर्सबाई गाडी हळू चालवतात

नर्सबाई गाडी शिकल्या त्या पन्नाशी उलटल्यावर. सात गावांत पट्ट्या बांधायच्या, रक्तदाब बघायचा, तर बसची वाट किती बघणार? पण चालवायच्या इतक्या जपून, की लोक त्यांना ‘गोगलगाय’ म्हणत, अर्थात पाठीमागे.

यजमान शिंपी. गाडीचं चाक त्यांनी जन्मात हातात धरलं नव्हतं, पण मंगळवारी दुकान बंद असलं की बायकोशेजारी बसून सल्ल्यांचा रतीब घालायचे. बाईंनी ब्रेक दाबायच्या आधी यांचा पाय दाबलेला!

पानगळीतल्या अशाच एका मंगळवारी रस्ता पावसाने ओला होता. ट्रॅक्टरांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकलेला, त्यावर पानांचा थर. वळण आलं तशी बाईंनी गाडी आणखी हळू केली. मागे एक लाल मोटार हॉर्न वाजवून कान किटवत होती.

“अगं, अ‍ॅक्सिलरेटर दाब की जरा! लोक हसतील.”

“हसू देत. ओली पानं म्हणजे साबण.” बाईंनी गाडी कडेला घेतली. लाल मोटार भुर्रकन पुढे गेली.

“गेला बघ तो! आपण इथेच मुक्काम ठोकू.”

वळण संपलं तर लाल मोटार नांगरलेल्या शेतात उभी, आणि तिचा मालक तारेच्या कुंपणावरून बाहेर येतोय. बाई पेटी घेऊन धावल्या. मान, हात, बरगड्या चाचपल्या. साधं खरचटलंही नव्हतं.

“टाका घालायची गरज नाही,” त्या म्हणाल्या.

“आहे हो,” तो ओशाळून म्हणाला आणि पाठमोरा झाला. तारेने विजार टरकन फाटली होती.

शिंपीबुवांचा चेहरा उजळला. सुईदोरा खिशातच होता. गृहस्थाला चादर गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं आणि बॉनेटवर विजार पसरली. शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरवाल्याने मोटार ओढून काढेपर्यंत शिवण पक्की झाली होती.

“वळणावर हळू जावं, बाबा,” दोरा दाताने तोडत बुवा म्हणाले. “ओली पानं म्हणजे साबण!”

बाईंना एकदम खोकला आला.

परतताना उतरता सूर्य थेट डोळ्यांत येऊ लागला. पुढचं काही दिसेना. बाईंनी एका शेताच्या फाटकाशी गाडी थांबवली.

“दहा मिनिटं थांबू या. टेकडीआड गेला की निघू.”

“वीस थांब,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी पाय लांब केले.