खांद्यावरचा हात

माणसं दोर घेऊन उभी होती आणि अक्का बैल पाडू देत नव्हती.

मी तेव्हा शिंदखेड्याला गुरांचा डॉक्टर होतो. बैलावर शस्त्रक्रिया करायची तर आधी कास्टिंग करतात. म्हणजे दोरांनी आवळून त्याला आडवा पाडतात आणि पाय बांधतात. नाहीतर डॉक्टरचीच बरगडी जाते. बधिर करायचं इंजेक्शन आमच्या दवाखान्यात नव्हतं.

अक्काचा हा बैल गाडीसकट नाल्यात घसरला होता. मागचा पुठ्ठा दुखावला होता, आणि जू रुतून खांद्यात ॲब्सेस झाला होता, म्हणजे आत खोल पू साठला होता. तो काढला नाही तर विष अंगभर पसरणार. बैल पाडला तर पुठ्ठा कायमचा जाणार. घरात जोडी एकच होती.

"पाडू नका, भाऊ," अक्का म्हणाली. "त्याना पाय मोडी जाई. उभाच राहू द्या. मी धरस."

"अक्का, धरायला चार गडी लागतात."

"गडी कशाले? मी रोज हात ठेवस त्याले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. बैलाचे खांदे धुऊन, हळद-तूप चोळून वर्षभराच्या कष्टाचे उपकार मानतात. अक्का ते रोज करायची, असं तिच्या मुलाने, नथूने सांगितलं. हळद नाही, तूप नाही. बैल घरी आला की खांद्यावर हात ठेवून ती त्याने दिवसभरात काय काम केलं ते त्यालाच सांगायची.

मी मनात म्हटलं, झालं, संपलं आता. आभार हा प्रकार मला सभेपुरताच ठाऊक होता, लोक चपला शोधत असतात तेव्हाचा. पण दुसरा मार्गही नव्हता. मी सुरी उकळून घेतली आणि पळायला कुठून जागा आहे ते बघून ठेवलं.

अक्काने सुजेच्या अगदी कडेला तळवा टेकला. "आज तू कामले गया नही, राजा. तरी मी तुन्हा उपकार मानस. सगळं घर तुन्हा खांदावर शे."

मी चीर दिली. बैलाची कातडी थरथरली. त्याने लांब श्वास सोडला आणि खांदा तिच्या हाताकडे रेटला. म्हणजे माझ्या सुरीकडेच. पू वाहून गेला. आयोडीनचा बोळा मी आत भरला, तो माणसालाही सोसत नाही. बैलाने पाय उचलला नाही. जन्मभर गुरं हाताळली, पण त्या गोठ्यात मी जसा भारावून उभा राहिलो तसा देवळातही कधी राहिलो नाही.

पेरणी नथूने शेजाऱ्याच्या बैलाने उरकली. कोळपणीला मात्र हाच बैल जुंपला.

धुळ्याहून खात्याचे साहेब दवाखान्याच्या तपासणीला आले आणि नोंदवहीत या बैलापाशी थांबले. "कास्टिंग कोणी केलं?"

"केलंच नाही, साहेब."

"मग बैल धरला कशाने?"

"रोजच्या आभारांनी."

"तुम्ही थोडी रजा घ्या," साहेब म्हणाले.

रजेत मी घरी प्रयोग केला. जेवून उठताना बायकोला म्हटलं, भाकरी छान झाली होती. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पण दुसऱ्या दिवशी भाकरीवर लोणी होतं.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक गावी आधी विचारायचो, या बैलाला कोणाच्या हाताची सवय आहे? लोक एकमेकांकडे बघत. मग कोणीतरी चाबूक आणून दाखवी, आणि मी पिशवीतून दोर काढी.