ग्रंथपालबाईंचे तीन फोटो

माझ्या आत्याला अख्खं गाव 'लाल दिवा' म्हणायचं. फोटो स्टुडिओच्या मागच्या अंगाला तिची डार्करूम होती आणि दारावर एक लाल बल्ब. बल्ब लागला की आत्या आत, आणि मग खुद्द मालकांनीसुद्धा दाराला हात लावायचा नाही. अठ्ठावीस वर्षं तिने त्या खोलीत फोटो धुतले. कॅमेऱ्यामागे उभे राहायचे मालक, पण कागदावर माणूस उमटवायची ती. "मालक नुसतं बी टाकतात," ती म्हणायची, "उगवतं माझ्याकडे."

माणसांना ती उलटी ओळखायची. निगेटिव्हमध्ये सगळ्यांचे दात काळे आणि केस पांढरे. रस्त्यात कुणी भेटलं की ती क्षणभर डोळे बारीक करायची, समोरच्याला मनातल्या मनात फिरवून घ्यायची आणि म्हणायची, "हां, पोस्टमास्तरांची धाकटी! वर्षाची होतीस तेव्हा फोटोत जीभ काढली होतीस." ती धाकटी एव्हाना दोन मुलांची आई झालेली असायची. बिचारी लाजून चूर.

शाळा सुटली की मी तिच्याकडेच जायचे. लाल उजेडात ट्रेमध्ये पांढरा कागद बुडलेला असायचा. आत्या ट्रेचा एक कोपरा हलकेच उचलायची, सोडायची, उचलायची, सोडायची. आधी केस यायचे, मग डोळे, मग ओठ. पाण्याच्या तळातून कुणीतरी सावकाश वर यावं, तसं. "बोलू नकोस," आत्या कुजबुजायची, "बिचकेल." आणि मी श्वास रोखून धरायचे.

मोठेपणी मीही त्याच स्टुडिओत लागले, पण समोरच्या दाराने. मालकांनी गावातला पहिला डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि तो चालवायला त्यांना कुणीतरी तरुण हवं होतं. आत्याने तो हातात घेतला, खालीवर करून पाहिला आणि विचारलं, "यात फिल्म कुठे घालतात?"

"नाही घालत."

"मग माणूस राहतो कुठे?"

त्याच सुमारास ग्रंथपालबाई निवृत्त होणार होत्या. वाचनालयाने त्यांचा मोठा फोटो वाचनकक्षात लावायचं ठरवलं, तीन फूट उंचीचा. मालक म्हणाले, "दोन्ही काढू. मी फिल्मवर काढतो, ही डिजिटलवर काढेल. जो सरस तो भिंतीवर."

बाई आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसल्या. एका बाजूला मोठी खिडकी, दुसऱ्या बाजूला पुस्तकांची कपाटं. सकाळचं ऊन टेबलावर सांडलं होतं. आधी मालकांनी काढला, मग त्याच जागी उभं राहून मी. माझा फोटो बाहेरगावच्या लॅबमधून छापून आला. मालकांचा आत्याने केला, मोठा कागद भिंतीला लावून, शिडीवर चढून, दोन दिवस.

दोन्ही फोटो स्टुडिओत शेजारी शेजारी टांगले. माझ्या फोटोत बाईंच्या पापण्या मोजता येत होत्या. स्वेटरचा टाका न् टाका, मागच्या पुस्तकांच्या पाठींवरची नावं, बोटाला लागलेली शिक्क्याची शाई, सगळं लख्ख. आत्या बराच वेळ पाहत राहिली.

"पुसलेल्या काचेसारखा आहे," ती म्हणाली. "छान आहे. पण यात हवा नाही. या खोलीत बाई श्वास कसा घेणार?" मग आपल्या फोटोकडे बोट दाखवून, "इथे बघ. इथे हवा आहे."

मला त्या फोटोत हवा दिसली नाही. अर्धा चेहरा कोळशासारखा काळा दिसला. पण मला वाटलं, मी जळतेय म्हणून तसं दिसतंय. शिवाय लाल दिव्याने निकाल दिल्यावर कोण बोलणार? मालक काहीतरी बोलायला गेले आणि चष्मा पुसत बसले. आत्याचा फोटो भिंतीवर लागला. माझा गुंडाळी करून कपाटावर गेला. मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

त्यानंतरचं वर्ष आत्याने धुक्यात काढलं. तसं ती कुणाला सांगत नव्हती. उलट म्हणायची, "हल्ली दिव्यांभोवती किती सुंदर वलयं दिसतात! आधी नव्हती." संध्याकाळी फाटकाशी उभी राहून ती रस्त्याकडे बघत बसायची. सायकली तिला तरंगत येताना दिसायच्या. समोरच्या इमारतीच्या कडा विरघळल्या होत्या. मला ती सुखी वाटायची, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस तिने ओला कागद डेव्हलपरच्या पाण्यातून काढून शेजारच्या ट्रेऐवजी सरळ जमिनीवर सोडला आणि मी तिचा हात धरून तिला डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "पिकून गळायला आलेत," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस काय करत होतात?"

"फोटो," आत्या म्हणाली.

ऑपरेशननंतर दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली त्या सकाळी मी शेजारी होते. तिने आधी चादरीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग नर्सच्या टोपीकडे. "निळं आहे," ती म्हणाली. "अगं, पांढरं इतकं निळं असतं?" मग माझ्याकडे वळली. खूप वेळ बघितलं. "तुझ्या हनुवटीवर हा तीळ कधी आला?"

"जन्मापासून आहे, आत्या."

तिसऱ्या आठवड्यात ती एकटीच वाचनालयात गेली. परतली ती थेट मालकांच्या टेबलासमोर. मी तिथेच होते.

"मालक, तो फोटो तुम्ही पाहिला होतात?"

मालकांना कळलं. "पाहिला होता."

"सावल्या जळाल्यात. हात तर दिसतच नाही. शाळकरी पोरीनेसुद्धा इतका कडक काढला नसता."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

मालकांनी चष्मा काढून ठेवला. "बाई, अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या डोळ्यांनी बघत आलो. ते अधू झालेत हे मी कोणत्या तोंडाने सांगायचं?"

आत्या खाली बसली. तेव्हा मला उलगडा झाला. तिला सगळं फिकट आणि विरलेलं दिसत होतं, म्हणून फोटो ठसठशीत व्हावा यासाठी ती काळ्यात काळं भरत गेली होती. तिला जी हवा दिसली, ती तिच्या डोळ्यांतलं धुकं होतं.

"तुझा काढ," ती मला म्हणाली.

मी कपाटावरची गुंडाळी उलगडली. आत्याने भिंग लावून एकेक इंच पाहिला. पुस्तकांची नावं वाचली. शाईच्या डागापाशी थांबली. "केवढं आहे गं यात," ती म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग भिंग खिडकीवर गेलं. "इथे काय झालं?"

तिथे काहीच नव्हतं. खिडकी म्हणजे कोरा पांढरा चौकोन.

"ऊन जास्त झालं," मी म्हणाले. "तिथलं परत नाही येत."

"अंधारातलं येतं, उजेडातलं नाही?"

"हो."

"फिल्मचं नेमकं उलटं," ती म्हणाली. "फिल्म ऊन सोसते. अंधारातच उपाशी राहते." आणि ती उठली. "निगेटिव्ह द्या, मालक. चूक निगेटिव्हची नाही, माझी आहे."

त्या दुपारी लाल बल्ब लागला आणि तिने मला आत घेतलं. बऱ्याच वर्षांनी. या वेळी तिने मऊ जातीचा कागद घेतला, सावल्या कोळसा न करणारा. निगेटिव्हमधून सगळ्या कागदावर पुरेसा उजेड पडल्यावर दोन तळहातांनी बाकी सगळं झाकून फक्त खिडकीवर प्रकाश पडू दिला, तोंडाने आकडे मोजत, हात सतत हलवत. कागद डेव्हलपरमध्ये गेला. आधी केस आले, मग डोळे. गालावरचा उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, ते सांगता येईना. सर्वांत शेवटी खिडकी उमलली. बाहेर ओला रस्ता होता, झाडाची फांदी होती, आणि फांदीखाली छत्री मिटणारी एक बाई. आम्ही दोघींनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. मी श्वास रोखला आहे हे मला नंतर कळलं.

आत्याने नवा फोटो आणि माझा फोटो वाचनालयात नेले आणि ग्रंथपालबाईंना बोलावून घेतलं. "भिंतीवरचा उतरवा," ती म्हणाली. "तो माझ्या आजाराचा फोटो आहे. त्याच्या जागी माझ्या भाचीचा लावा. तो सर्वांत स्वच्छ आहे, जवळून बघणाऱ्यांना सगळं दिसेल."

"लोकांना याची सवय झालीय हो," बाई म्हणाल्या.

"सवय झाली म्हणून चूक टांगून ठेवायची?"

बाईंनी माझा फोटो पाहिला, शाईचा डाग पाहून हसल्या. "घासून घासून निघाला नाही हा." मग त्या नव्या फोटोपाशी गेल्या आणि तिथेच राहिल्या. "हा लावा."

"अहो, पण यात रव्यासारखे कण दिसतात," आत्या माझ्या बाजूने भांडू लागली. "पुस्तकांची नावंही वाचता येत नाहीत!"

"पुस्तकांची नावं मला पाठ आहेत," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी कामातून डोकं वर काढलं की त्या खिडकीबाहेर बघितलं. ती कोरी कशी ठेवू?"

मी हरले, पण त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. घरी येताना मी आत्याला म्हटलं, "मला ऊन सांभाळायला शिकव." तिने शिकवलं. ऊन कोरं पडणार नाही एवढाच उजेड घेऊन फोटो काढायचा, सावलीची काळजी करायची नाही, ती मागाहून उचलता येते. पुढे वर्षभरात ती कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. माझ्या खुर्चीत, माझ्या उशीवर. एका बोटाने माऊस ढकलत ती पडद्यावरच्या चेहऱ्यांवर उजेड-सावली बसवायची आणि कुरकुरायची, "या खोलीत ऊन फार येतं, काम कसं करायचं?" बाहेरगावची लॅब फोन करून विचारायची, तुमच्याकडे हे कोण करतं?

डार्करूम रिकामी करायची वेळ आली तेव्हा मालकांना वाटलं होतं, ती येणार नाही. ती आली. ट्रे स्वतः धुतले, बाटल्या खोक्यात भरल्या. मग स्टुलावर चढली आणि झरोक्यावर डकवलेला काळा कागद नखाने सोलून काढला. उजेडाचा एक पट्टा आत पडला. समोर एक मोरी, एक फळी, डागाळलेल्या भिंती. दोन माणसं उभी राहिली की संपली खोली.

आत्या मधोमध उभी राहून चहूकडे बघत राहिली.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "मला वाटायचं, हिला भिंती नाहीतच."