राजाची अडीच घरं

चाचांचा राजा कधी उघड्यावर दिसायचा नाही. डाव मांडला की पहिल्या दहा-बारा चालींत ते त्याच्याभोवती प्यादी, उंट, घोडे असे ठासून बसवायचे, की पटावर बाकी काय चाललंय याच्याशी त्यांना जणू देणंघेणंच नसायचं. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना गादीवाले चाचा म्हणायचं. तुम्ही राजालाही रजई पांघरता, असं मी एकदा चिडून म्हणालो. चाचांनी भुवईवरचा कापूस झटकला आणि म्हणाले, "थंडी वाजून मेला तं जबाबदार कोन? तुमी?"

मी मोजणी खात्यातला माणूस. बदली होऊन नाशकाकडून मंगरूळपीरला आलो तेव्हा चाळिशी उलटली होती. लग्न जमलं नव्हतं, मग ते राहूनच गेलं. दिवसभर लोकांच्या शेतांचे धुरे, आमच्याकडचे बांध, मोजायचे, हातभर जमिनीसाठी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या भावाभावांच्या मध्ये उभं राहून खुणा रोवायच्या, आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर येऊन वरणभात लावायचा. मला हसू यायचं त्या लोकांचं. एकमेकांची तोंडं पाहायला हक्काची माणसं आहेत आणि हे पाठ करून उभे! माझ्याकडे तर पाठ करायलाही कोणी नव्हतं.

गादी भरून घ्यायला म्हणून चाचांकडे गेलो. दुकानात पिंजायच्या यंत्राशेजारी कापडी पट अंथरलेला होता. मोहरे लाकडी, पण काळा वजीर हरवलेला. त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ. चाचांनी विचारलं, "येते काय?" येतं म्हणालो आणि बसलो. गादी चार दिवसांत झाली, मी मात्र चार वर्षं रोज संध्याकाळी तिथे जात राहिलो. चाची केव्हाच वारल्या होत्या, मुलगी सासरी अकोल्याला. दोन एकटी माणसं समोरासमोर बसली की बोलावं लागत नाही, ही बुद्धिबळाची मोठी सोय आहे.

चाचा देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार. किल्लेकोट वगैरे काही नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. अट एवढीच, की त्याआधी त्याला एकदाही शह बसलेला नसावा. शह बसला की उडी गेली. ही अट चाचा मला पहिल्या दिवशी तीनदा बजावून सांगत होते. एवढ्या साध्या गोष्टीवर हा माणूस इतका का अडून बसलाय, ते मला पुढे शेजारच्या सायकलवाल्याने सांगितलं.

जिनिंगमध्ये देवराव नावाचे मुकादम होते. चाचांचा कापूस तिथूनच यायचा. दोघं वीस वर्षं रोज खेळले. एका डावात देवरावांनी राजाची उडी मारली. चाचा म्हणाले, मघाशी शह बसला होता, उडी गेली. देवराव म्हणाले, ती चाल तू परत घेतली होतीस, मग शह कुठला? बोलता बोलता चाचांनी भर दुकानात त्यांना लबाड म्हटलं. देवराव उठले, चपला घातल्या आणि गेले. त्याच साली काम सोडून ते धनजला आपल्या गावी राहायला गेले. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. चाचांकडे विषय काढला की ते दाभण ओवता ओवता एवढंच म्हणायचे, "येईन थो. चूक त्याची हाय."

त्यांचा खेळही तसाच होता. आपण काही करायचं नाही, बसून राहायचं, समोरचा चुकेपर्यंत. मला कंटाळा यायचा, म्हणून मी त्यांना मोबाइलवर त्या पोराचे डाव दाखवायला लागलो. आपल्याच देशातला, मिसरूडही नीट न फुटलेला ग्रँडमास्टर. नाव सगळ्यांना माहीत आहे. चाचांनी मात्र ते कधी घेतलं नाही. पहिला डाव पाहताना त्यांनी आधी नियमांवरच भांडण काढलं. "प्याद्याले दोन घरं कोनं देल्ले? अन् हे काय, राजा अन् हत्ती एकाच टायमाले चालून राह्यले?" मग त्या पोराने समोरच्या राजापुढे आपला हत्ती सरळ मारायला ठेवला, आणि चाचा यंत्र बंद करून माझ्याजवळ येऊन बसले. "पोट्टं पागल हाय काय? घरी सांगाले कोनी नाई काय याले?"

हत्ती गेला. पाठोपाठ घोडाही गेला. आणि सात-आठ चालींनंतर समोरचा राजा एकटाच पटाच्या मधोमध आला, चहूकडून शह खात. चाचांनी तो डाव मला पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. आपल्या पटावर मोहरे मांडून एकेक चाल करून पाहिली. त्या दिवशी गिऱ्हाइकाला रजईची खोळ उलटी शिवून दिली गेली.

दुसऱ्या दिवसापासून चाचा हल्ला करायला लागले. काय तो हल्ला! पाचव्या चालीला घोडा द्यायचे, नवव्याला हत्ती, आणि पंधराव्याला स्वतःच मात खायचे. मी दोन महिने सलग जिंकलो. इतका वाईट खेळणारा माणूस इतका आनंदात मी दुसरा पाहिलेला नाही. मला वाटलं हे खूळ जाईल. पण त्यांचं पाहणं चालू होतं. एकदा मोबाइल बाजूला ठेवून म्हणाले, "भाऊ, आपली गलती समजली. हे पोट्टं उगाच नाई देत. पयले सगळ्यायले बाहेर काढते, तयारी करते. अन् एकदा देल्लं का मंग मांगं वळून पाहत नाई." तोवर मी साहेब होतो. त्या दिवशी पहिल्यांदा भाऊ झालो.

हिवाळा लागता लागता चाचा मला हरवायला लागले. त्यांचा राजा आता अर्धा उघडाच असायचा आणि माझा घामाघूम. मधेच ते थबकायचे, पटाकडे पाहत राहायचे. "आता देवराव असता तं..." वाक्य तिथेच सोडून द्यायचे. मी मोजणीतला अनुभव वापरून म्हणालो, जाऊन या ना एकदा. चाचांनी मान हलवली. "मी काहून जाऊ? चूक त्याची हाय."

मग एक दिवस कापूस घेऊन आलेल्या माणसाने सांगितलं की देवरावांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. चाचांनी ऐकून घेतलं आणि गादीला टाके घालत राहिले. दुसऱ्या दिवशी डाव मांडलाच नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्या कार्यालयात आले. चार वर्षांत ते तिथे कधी आले नव्हते. हातात पटाची थैली, दाढीत कापूस तसाच. म्हणाले, "चला."

कारंज्याला गाडी बदलून आम्ही धनजला पोचलो. वाटेत चाचा एक शब्द बोलले नाहीत. देवराव बाजेवर उशीला टेकून बसलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे लख्ख. त्यांनी चाचांकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सुनेने चहा आणून ठेवला. कोणी कोणाला कसं आहेस म्हटलं नाही. चाचांनी बाजेच्या कडेला पट अंथरला, मोहरे मांडले आणि पांढरे देवरावांकडे केले. चहावर साय धरली. मग देवरावांचा डावा हात पुढे आला आणि त्यांनी प्यादं सरकवलं, एक घर.

तसा डाव मी पुन्हा पाहिला नाही. चाचांनी सगळे मोहरे बाहेर काढले, तयारी केली, आणि हत्ती दिला. देवरावांनी चमकून वर पाहिलं. हा त्यांच्या ओळखीचा माणूस नव्हता. मग शह बसला. राजा सरकला. पुन्हा शह. आणखी दोन चालींत मात होती, ती मलाही दिसत होती. देवरावांनी डाव्या हाताने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला.

दोनदा शह बसलेला राजा. कोणत्याही हिशेबाने ही उडी चालत नव्हती, आणि देवरावांना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हात राजावरून काढला नाही. नुसते चाचांकडे पाहत राहिले. ज्या उडीपायी अकरा वर्षं गेली, तीच त्यांनी पुन्हा समोर ठेवली होती. चाचांनी पट पाहिला, दाढीतला कापूस काढला, बोटांत चुरला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "तुही उडी बाकी होती."

देवरावांचं तोंड हलायला लागलं. शब्द नीट फुटत नव्हते, पण मला कळले. "अकरा वर्सं लागले तुले?"

"तयारी करून राह्यलो होतो," चाचा म्हणाले. दोघंही रडले आणि मीही, उगाच नाही म्हणत. चाचा तो डाव हरले. परतीच्या गाडीत मात्र ते कारंज्यापर्यंत बोलत होते.

त्यानंतर दर गुरुवारी चाचा धनजला जायचे. गुरुवारची संध्याकाळ माझी रिकामी झाली. खरं सांगतो, मला थोडा हेवाच वाटायचा. पाच-सहा महिन्यांनी देवराव गेले. चाचा मयतीला जाऊन आले, दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गेलो नसतो तं?" मी पट अंथरला.

पुढे माझी बदली रिसोडला झाली. जिल्हा तोच, वाशीमला गाडी बदलली की पोचलं. चाचा स्टँडवर सोडायला आले होते. "येत जा भाऊ. नाई आले तं मी येईन." मी म्हणालो, फोन करतो. केलेही चार-पाच. मग एकदा मी केला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. "मांगून लावतो" म्हणाले. तो फोन काही आला नाही. मी ठरवलं, आता त्यांचा येऊ दे. दोनदा मी केला ना? रिसोडला माझं दुसरं कोणी नव्हतं, संध्याकाळी मोबाइल समोर ठेवून बसायचो, त्या पोराचा एखादा नवा डाव लावायचो, आणि मधेच पाहायचो, चाचांचा फोन आलाय का. लोकांचे धुरे मोजणारा मी, फोन कोणाच्या वाट्याचा ते मोजत बसलो. असा दीड महिना गेला.

कार्यालयाच्या कामाने मंगरूळपीरला जाणं झालं तेव्हा दुकान बंद होतं. सायकलवाल्याने मला पाहिलं आणि हातातलं चाक खाली ठेवलं. चाचा बुधवारी दुपारी गादी भरता भरता खाली बसले ते उठलेच नाहीत. आठ दिवस झाले होते. मुलगी येऊन सगळं आटोपून गेली. माझा नंबर चाचांच्या मोबाइलमध्ये होता, पण मोबाइलच महिनाभर बिघडून पडला होता, म्हणून कोणाला कळवता आलं नाही.

सायकलवाला आपल्या दुकानात गेला आणि खुंटीवर जपून ठेवलेली चाचांची थैली घेऊन आला. "हे पाहा. गुरुवारच्या सकायच्या गाडीनं तुमच्याकडे येनार होते. मी म्हनलं, चाचा, तब्बेत पाहून जा, साहेब येतीन न एखाद्या दिवशी. तं म्हने, थ्याले काम असन. वाट कायले पाहाची?" थैलीत पट होता, मोहऱ्यांचा डबा होता, दोऱ्याचं रीळ होतं. धुतलेला सदरा घडी करून ठेवलेला होता.

मी त्यांना हल्ला करायला शिकवला, असं मी मोठ्या तोऱ्यात लोकांना सांगायचो. नुसता मोबाइल दाखवला होता मी. शिकले ते एकटे.

वाशीमला रिसोडची गाडी लागलेली होती. खिडकीजवळ बसलो आणि थैली शेजारच्या जागेवर ठेवली. गाडी भरत गेली. एक म्हातारा दांड्याला धरून उभा राहिला, थैलीकडे पाहून विचारलं, "इथं कोनी येऊन राह्यलं काय?"

"नाही," मी म्हणालो आणि थैली उचलून मांडीवर घेतली.