चहा संपेपर्यंत

दुरुस्तीला आलेला पट्टा मावशी आधी नाकानं तपासत. मग दोन बोटांत धरून बादलीत टाकत आणि हात धुऊन येत. नौकाक्लबाच्या सभासदांत डॉक्टर होते, वकील होते, स्वच्छतेवर व्याख्यानं देणारे एक प्राध्यापकही होते. पण पाण्यातून बाहेर आलं की ही सगळी मंडळी ओला, खारट, घामट पट्टा तसाच पिशवीत कोंबत आणि आठ दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. पिशवीत काय पिकलं ते मावशींच्या टेबलावर उघडत असे. खिशातून बिस्किटाचा लगदा निघे, चिकटपट्टीत अडकलेले केस निघत, एकदा तर चघळून झालेला गम पट्ट्याच्या खटक्यावर लिंपलेला निघाला. मालकानं सांगितलं की खटका फार खडखडतो, म्हणून लावला. हे गृहस्थ पेशानं दंतवैद्य होते.

हा पट्टा म्हणजे काय, ते सांगायला हवं. क्लबातल्या होड्या कॅटामरान जातीच्या: दोन अरुंद सांगाडे, मध्ये ताणलेली जाळी आणि वर होडीच्या मानानं फारच मोठं शीड. वारा वाढला की होडी एका अंगावर उठते. ती उलटू नये म्हणून एक जण कमरेच्या पट्ट्याचा आकडा डोलकाठीवरून आलेल्या तारेत अडकवतो, पाय कडेला रोवतो आणि सगळा देह पाण्यावर बाहेर झोकून देतो. लांबून फार छान दिसतं. जवळून पाहिलं तर एक सुटलेलं पोट, एक पट्टा आणि त्या पट्ट्याचे टाके, एवढंच असतं. ते टाके मावशी घालत.

त्याआधी एकोणीस वर्षं त्यांनी कारखान्यात दप्तरं शिवली होती. कारखाना बंद पडला, तेव्हा जाड कापड शिवणारं एक मशीन त्यांनी मागून घेतलं आणि क्लबाच्या होडीघरामागच्या खोलीत मांडलं. खोलीला एक खिडकी, एक नळ आणि आडवी तुळई. तुळईला मावशींनी होडीची जुनी तार टांगली होती. दुरुस्त केलेला प्रत्येक पट्टा त्या स्वतः चढवत, स्टुलावर उभ्या राहून आकडा तारेत अडकवत, पायानं स्टूल ढकलत आणि लटकल्या लटकल्या एक कप चहा पीत. चहा संपला की खटका ओढायचा. आकडा सुटून मावशी खालच्या गादीवर आल्या, की पट्टा पास. मग त्याच्या आतल्या बाजूला हिरव्या दोऱ्याची गाठ. ‘हिरवी गाठ नसलेला पट्टा पाण्यावर नेऊ नये’ अशी पाटी कपडे बदलायच्या खोलीत अकरा वर्षं लटकत होती. तिच्यावर लोक टॉवेल वाळत घालत.

मावशींचं म्हणणं असं की पट्ट्याच्या चुका दोनच. एक तुटायची, एक न सुटायची. पट्टा तुटला तर माणूस पाण्यात पडतो, लोक हसतात, मदतीची बोट येऊन त्याला उचलते. पण होडी उलटली आणि आकडा सुटला नाही, तर माणूस जाळीखाली अडकतो, आणि मग कुणी हसत नाही. खटका असतो तो त्यासाठीच. ओढला की आकडा पट्ट्यापासून वेगळा.

मागच्या वर्षी ऐन शर्यतीत, पाहुण्यांसमोर, कप्तानांच्या होडीवरच्या माणसाचा खटका आपोआप सुटला. तो पडला, चषक गेला. कप्तान म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी. त्यांचं फरशांचं दुकान होतं, आणि कप्तान ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. खटक्यात मीठ साचून स्प्रिंग अडकली होती. दोन तांबे गोड पाणी ओतलं असतं तर काम झालं असतं. कप्तानांनी वेगळा उपाय काढला. खटक्यावरून काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे. पुढच्या शनिवारी आणखी चौघांनी तेच केलं आणि महिनाभरात सगळ्या क्लबानं. मावशींच्या तपासणीच्या सकाळी पट्ट्या काढायच्या, दुपारी पुन्हा लावायच्या. मागे राहिलेल्या डिंकावर वाळू बसे, तिच्यावरून मावशींना सगळं कळे. त्यांनी कमिटीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की चिकटपट्टी ही सभासदांची वैयक्तिक बाब आहे. एकाचा पट्टा त्यांनी अडवून ठेवला, तर त्यानं मित्राचा मागून नेला. त्या पट्ट्यालाही तीन वेढे होतेच.

अशात त्यांच्या जावयाची निवड झाली. शनिवारच्या मोठ्या शर्यतीत कप्तानांच्या होडीवरून लटकायला.

जावई कवळ्या बनवायचे. कामात केसाइतकी फट खपवून घेत नसत. स्वभावानं गरीब, पण मोठ्या माणसानं पाठीवर हात ठेवला की पाघळत. बुधवारी ते पट्टा घेऊन आले. आकडा आणि खटका ज्यावर बसतात त्या पत्र्याला धरणारी शिवण दोन्ही बाजूंनी उसवत आली होती. मावशींना आधी खटक्यावरचे तीन वेढे दिसले. त्यांनी जावयांना पट्टा चढवायला लावला, तारेला अडकवलं, स्टूल काढून घेतलं आणि चहा ओतला.

“आता सुटा,” त्या म्हणाल्या.

जावयांनी पट्टीचं टोक शोधलं. ते सापडलं तर नख लागेना, नख लागलं तर पट्टी ताणली जाई पण निघेना. पाय हवेत, चेहरा लाल. शेवटी ते म्हणाले, आई, मला जरा खाली घ्या, म्हणजे लगेच सोडून दाखवतो. मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बेचाळीस सेकंद झाले होते. तेही कोरड्यात, उजेडात, तोंडात पाणी जात नसताना.

“तिथं खाली कोण घेणार आहे तुम्हाला?”

जावई ओशाळले. मग रागावले. सगळेच लावतात म्हणाले. कप्तानांनी स्वतःच्या हातानं लावून दिलीये, आता काढली तर कसं दिसेल म्हणाले. आणि पट्टा शुक्रवारपर्यंत द्या, असं सांगून गेले. मावशींनी मुलीला फोन केला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, त्याचं काही चांगलं झालेलं तुला बघवतच नाही का गं?”

मावशींनी फोन ठेवला. पट्टा दिला नाही तर जावई दुसऱ्याचा नेणार. वेढे काढले तर कप्तान पुन्हा घालणार. जावयांना पाण्यावर जाण्यापासून अडवणं त्यांच्या हातात नव्हतं. पट्ट्याची कोणती चूक व्हावी, एवढंच त्यांच्या हातात होतं.

गुरुवारी त्यांनी जुनी शिवण उसवली आणि नेहमीचा जाड दोरा बाजूला ठेवून साधा सुती दोरा घेतला. दोन्ही बाजूंना कच्चा टाका घातला. एकोणीस वर्षं दप्तरं आणि अकरा वर्षं पट्टे शिवून हाताला वळण असं पडलं होतं की वाईट शिवताना दोनदा आपसूक दुहेरी टाका पडला आणि उसवावा लागला. मग पट्टा चढवला, चहा ओतला आणि लटकल्या. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत त्या जमिनीवर होत्या, कप फुटला होता आणि डावं कंबरडं गादीच्या बाहेर आपटलं होतं. त्यांना हवं होतं तसंच झालं. त्यांनी तोच कच्चा टाका पुन्हा घातला. हिरवी गाठ घातली नाही.

शनिवारी वारा जोराचा होता. जावयांनी पट्टा आतून पाहिला नाही. कप्तानांनी किनाऱ्यावर खटक्यावर नवे तीन वेढे घातले आणि जावयांच्या पाठीवर थाप मारली. कप्तान स्वतः कधी लटकत नसत. सुकाणू धरून मागे बसत. सुरुवातीच्या रेषेपाशी, मदतीच्या बोटीसमोर, पहिला झोत आला. जावयांनी देह बाहेर झोकला आणि दगड पडावा तसे पाण्यात गेले. किनाऱ्यावर हशा पिकला. वजन गेल्यावर होडी उठली, आडवी झाली आणि पालथी पडली. कप्तान खोकत बाजूला निघाले. जावयांना तोवर बोटीत ओढून घेतलं होतं.

पालथी होडी सरळ करायला पाऊण तास लागला. जाळीखाली दोऱ्यांच्या गुंत्यात तार अडकली होती, तारेत आकडा, आकड्याला पत्रा आणि त्यावर चिकटपट्टी, जशीच्या तशी. ते सगळं पक्कडीनं तार तोडून काढावं लागलं. हे चारपाच जणांनी पाहिलं. त्यातला एक जण म्हणाला की पट्टी मात्र चांगल्या प्रतीची होती.

सोमवारी कमिटी बसली. अध्यक्षांच्या खुर्चीत कप्तान. मावशी लंगडत आल्या. टाका तुमचाच का, असं विचारलं. माझाच, त्या म्हणाल्या, आणि कच्चा, आणि मुद्दाम. का, तेही सांगितलं. अडकलेला आकडा कुणी पाहिला तेही सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, हिरवी गाठ होती का? गाठ नव्हती. पाटी कुणी वाचली होती का? पाटीवर त्या वेळी प्राध्यापकांचा टॉवेल होता. कमिटीनं बराच विचार करून नोंद केली की शिवण सदोष होती, सबब यापुढे बाहेरून तयार पट्टे मागवावेत आणि मागची खोली चिकटपट्ट्या वगैरे किरकोळ सामानासाठी वापरावी.

मावशींनी मशीन टेम्पोत चढवलं. तुळईची तार काढली, तीही नेली.

जावई चार दिवसांनी घरी आले. मुलगी बरोबर नव्हती. ती अजून बोलत नव्हती. कप्तानांना पट्टी लावायला नाही म्हणून सांगून आलो, असं त्यांनी उभ्यानंच सांगितलं. तुमच्या सासूनं चषक घालवला आणि तुम्ही तिचीच बाजू घेता, असं कप्तान म्हणाले होते म्हणे. मग पिशवीतून आकडा-खटक्याचा सुटा पत्रा आणि तोच फाटका पट्टा त्यांनी काढला. सुती दोऱ्याचे तुकडे अजून त्यात होते. ते त्यांनी नखानं उचलून उजेडात धरले, कवळीतली फट पाहावी तसे.

“आई, कंबर कशानं दुखतेय तुमची?”

जावयांनी पट्टा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, आता पक्का शिवून द्या. खटका मोकळा ठेवीन. मावशी वाकल्या. पट्ट्याला शनिवारचं मीठ तसंच होतं, कडेला पांढरे पापुद्रे, आतून पिशवीत कोंडलेला तो ओळखीचा वास.

“हा टेबलावरून उचला आधी,” त्या म्हणाल्या. “नळ मागे आहे. खटका उघडून आतून धुवा, आणि हात पण.”

जावई पट्टा घेऊन मागे गेले. मावशींनी दोन कप चहा ठेवला आणि दाराच्या चौकटीला तार टांगता येईल का, ते पाहू लागल्या.