नीळकाकूंच्या चादरी

गल्लीच्या तोंडाशी नीळकाकूंची लॉन्ड्री होती. लॉन्ड्री म्हणजे घराची पुढची खोली, एक लांब टेबल, दोन इस्त्र्या आणि मागच्या अंगणात हौद. कपड्यांना नीळ देऊन देऊन बोटांची टोकं कायमची निळसर झालेली, म्हणून हे नाव. नवरा भिंतीपलीकडच्या कारखान्यात बॉयलरवर. नवऱ्याने दिवसभर कोळसा घालायचा, धुरांड्यातून काजळी उडायची, ती बायकोच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांवर येऊन बसायची आणि बायकोने ती धुवायची. "आमच्या ह्यांच्यामुळेच माझा धंदा चालतो," असं काकू हसत सांगायच्या.

नातीला दम लागायला लागला तेव्हा हे हसणं बंद झालं. पोरगी चार पावलं पळली की छातीला हात लावून खाली बसायची. डॉक्टरांनी खिडकीतून धुरांड्याकडे बोट दाखवलं आणि औषध लिहून दिलं.

पर्यावरण हा शब्द तेव्हा गल्लीत पोचायचा होता. समोरच्या शाळेतल्या बाई तो कुठल्याशा व्याख्यानातून घेऊन आल्या. गावोगावी लोक धुराविरुद्ध, घाण पाण्याविरुद्ध उभे राहताहेत म्हणाल्या. गल्लीतल्या बायका काकूंच्या टेबलाभोवती जमू लागल्या. अर्ज गेले, हेलपाटे झाले आणि अखेर एक सरकारी साहेब पाहणीला यायला कबूल झाले.

आता पाहणीच्या दिवशी कारखाना विस्तव मंद ठेवणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून बाईंनी युक्ती काढली. घरटी एक चादर आठवडाभर बाहेर टांगायची, तिला हात लावायचा नाही आणि ती काळी चादरच साहेबांना दाखवायची. चादरी सांभाळायच्या कोणी? अर्थात काकूंनी.

बॉयलरवाले काका मात्र पहिल्यापासून बाजूला होते. "मला या भानगडीत ओढू नकोस. त्यांचं मीठ खातो मी." काकूंनी त्यावरून अबोलाच धरला होता.

आणि पाहणीच्या दिवशी पहाटे काकूंनी घात केला. टेबलावर आदल्या रात्री गोळा करून ठेवलेल्या मळक्या चादरींचा ढीग दिसला आणि डोकं जागं व्हायच्या आत हात कामाला लागले. भिजवल्या, घासल्या, नीळ दिली, पिळल्या. शेवटचा चिमटा लावला तेव्हा कुठे लक्षात आलं. काकू हौदाच्या काठावर मटकन बसल्या.

बाई आल्या, दोरीकडे बघतच राहिल्या. "काकू, हे काय केलंत?"

"हाताला सवय हो, बाई. मळकं दिसलं की..." दुसऱ्या चादरी काळ्या व्हायला आता धूर कुठे होता? काका डबा घेऊन दारात उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं, चपला घातल्या आणि निघून गेले.

साहेब मॅनेजरसोबत आले. धुरांड्यातून उदबत्तीएवढा धूर निघत होता. साहेबांनी एका ओलसर चादरीला हात लावला. "इतक्या पांढऱ्या चादरी तर आमच्या घरीही नाहीत."

"साहेब, मी धुतल्या त्या," काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"ते दिसतंच आहे," साहेब म्हणाले. मॅनेजर हसला. आयुष्यभर काकूंना आपल्या धुण्याचं कौतुक गोड वाटलं होतं, त्या दिवशी ते चाबकासारखं लागलं.

साहेब निघायला वळले आणि धुरांडं खोकलं. आधी करडा, मग काळाकुट्ट लोट उठला आणि वाऱ्यासरशी गल्लीवर उतरला. मॅनेजर कारखान्याकडे धावत सुटला. ओल्या चादरींवर काळे ठिपके चिकटत गेले, साहेबांच्या शर्टावरही. त्यांनी बाहीवरून बोट फिरवलं, ते बोट बघितलं. "हे रोज असं?"

"रोज," काकू म्हणाल्या.

भर दुपारी काका घरी आले. काकूंनी महिन्याभराचा अबोला सोडला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. विस्तव कमी ठेवा म्हणाले होते. मी रोजच्याइतका कोळसा घातला."

"आणि नोकरी?"

"गेली." काकांनी झोपलेल्या नातीकडे बघितलं. "तिथं एवढा खडखडाट असतो, पण हिचा दम कानातून जात नाही गं."

इतके दिवस आपण या माणसावर रुसलो, याची काकूंना मनापासून लाज वाटली.

धुरांड्याला जाळी बसायला पुढे पुष्कळ काळ गेला. ती बसल्यावर नात हळूहळू गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पळू लागली. हल्ली सभांमधून त्या लढ्याची गोष्ट सांगतात. तीत बाई असतात, साहेब असतात, चादरी तर असतातच. काकांचं नाव कोणी घेत नाही. ते उरलेलं आयुष्य बायकोशेजारी उभं राहून इस्त्री करत राहिले. कॉलर त्यांना कधीच जमली नाही, आणि काकूंनी तिला कधी त्यांच्यासमोर पुन्हा इस्त्री केली नाही.